ड्रिफ्टिंगचे गणित : टायर, सस्पेन्शन आणि हातात राहणारी घसरण

संगणकावरील मोटारशर्यतीच्या खेळात ‘ड्रिफ्टिंग’ म्हणजे वळणावर गाडीची मागची चाके जाणूनबुजून बाजूला घसरवणे, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला वळवून गाडी सावरून धरणे आणि ॲक्सिलरेटरच्या जोरावर ती घसरण वळण संपेपर्यंत टिकवणे होय. या प्रकारात सर्वांत आधी पोहोचण्याला महत्त्व नसते. गाडी किती कोनात, किती वेगाने आणि किती वेळ आडवी राहिली यावर गुण मिळतात. नवख्या खेळाडूची समजूत अशी असते, की टायरची पकड जितकी कमी तितके ड्रिफ्टिंग सोपे. म्हणून तो सर्वांत टणक टायर निवडतो, मागच्या स्प्रिंग दगडासारख्या कडक करतो, आणि पहिल्याच वळणावर गाडी गर्रकन फिरून आल्या दिशेला तोंड करून उभी राहते. गाडी घसरवणे अवघड नसतेच. अवघड असते ती घसरलेली गाडी हातात ठेवणे. टायर आणि सस्पेन्शन यांची सारी जुळवाजुळव या दुसऱ्या गोष्टीसाठी करायची असते.

याचे उदाहरण खेळाबाहेरही सापडते. नंदुरबार जिल्ह्यातील खापर हे अक्कलकुवा तालुक्यातील गाव बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावर, गुजरातच्या सीमेजवळ आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात माल आणि माणसे वाहून नेणारी पिकअप व जीपसारखी वाहने नेहमीची. पिकअपच्या मागच्या चाकांवर टनभर ओझे पेलतील असे जाड पाटे असतात. हौदा रिकामा असला की मागचा भाग हलका होतो, पाटे जवळजवळ वाकतच नाहीत आणि इंजिनाची ताकद मात्र त्याच हलक्या चाकांना मिळत असते. पावसाच्या पहिल्या सरीने रस्त्यावरची धूळ आणि तेल ओले होते. अशा वेळी वळणात अचानक ब्रेक लागला किंवा ॲक्सिलरेटरवर पाय जास्त पडला, की गाडीचे बूड बाहेर निघते. नवखा खेळाडू खेळात जे सेटिंग मोठ्या हौसेने तयार करतो, ते रिकाम्या पिकअपला कारखान्यातूनच मिळालेले असते. मात्र तिची घसरण टिकत नाही. गाडी एक तर गोल फिरते, नाही तर टायर एकदम पकड घेतात आणि ती विरुद्ध बाजूला फेकली जाते. घसरण आणि ड्रिफ्ट यांत एवढाच, पण मोठा फरक आहे.

घाटरस्त्यांवरून पडद्यावर

मातीच्या रस्त्यावरील रॅलींमध्ये गाडी घसरवत वळवण्याची पद्धत जुनीच होती. डांबरी रस्त्यावर तिला शैलीचे रूप आले ते जपानमध्ये. १९७०च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हा शर्यतपटू वळणात गाडी आडवी शिरवून वेग राखण्यासाठी ओळखला जाई. त्याच्यापासून स्फूर्ती घेतलेल्या केइची त्सुचियाने डोंगरातील घाटरस्त्यांवर हे तंत्र पक्के केले. या रस्त्यांना जपानीत ‘तोगे’ म्हणतात. शुइची शिगेनो यांच्या १९९५ साली सुरू झालेल्या ‘इनिशियल डी’ या चित्रकथेने ते जगभर पोहोचवले. कथेच्या नायकाची टोयोटा एई८६ ही मागच्या चाकांवर चालणारी, पण ताकदीने बेताचीच, सुमारे १३० अश्वशक्तीची मोटार होती. याउलट २००४ मध्ये पहिली मालिका झालेल्या अमेरिकेतील ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’ स्पर्धेत आज हजार अश्वशक्तीच्या आसपासच्या गाड्या उतरतात. या दोन टोकांच्या गाड्यांना एकच सेटिंग चालणार नाही, हे उघड आहे. आणि तरीही ‘ड्रिफ्टचे सर्वोत्तम सेटिंग कोणते’ हा प्रश्न विचारला जातोच.

संगणकावर ‘ग्रान टुरिझ्मो’ने १९९७ मध्ये खऱ्या गाड्यांचे वर्तन पडद्यावर आणण्याचा पायंडा पाडला. ‘नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंड’ने २००३ मध्ये ड्रिफ्टची स्वतंत्र स्पर्धा दिली, सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने खेळणाऱ्या मराठी मुलांची या प्रकाराशी ओळख बहुधा तिथेच झाली. ‘फोर्झा’ मालिका २००५ पासूनची, तर ‘असेटो कोर्सा’ हा इटालियन सिम्युलेटर आणि मोबाइलवरचा ‘कारएक्स ड्रिफ्ट रेसिंग’ हे दोन्ही २०१४ चे. महागडे यंत्र न घेता साध्या फोनवर खेळता येणारा खेळ आल्यावर हा छंद शहरांपुरता राहिला नाही.

खेळ कोणताही असो, गाडी मागच्या चाकांवर चालणारी हवी. ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावलेली, कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी तशी होती. मारुती ८०० मध्ये इंजिन पुढची चाके फिरवते. तिची मागची चाके हँडब्रेक ओढून क्षणभर घसरवता येतात, पण ॲक्सिलरेटरने ती घसरण वाढवता किंवा टिकवता येत नाही. उलट तो दाबताच गाडी सरळ होऊ पाहते.

पकड खर्च कशी होते

टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, अगदी त्याच दिशेला तो जात नाही. वळणात रबर पिळवटते आणि चाकाची दिशा व प्रत्यक्ष प्रवासाची दिशा यांत थोडा कोन पडतो. याला ‘स्लिप अँगल’ म्हणतात. हा कोन वाढतो तशी पकड वाढते. रस्त्यावरच्या साध्या टायरमध्ये ती साधारण सहा ते दहा अंशांच्या दरम्यान शिखर गाठते आणि पुढे कमी होऊ लागते. नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठातील हान्स पाचेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ही वक्ररेषा मांडणारे एक सूत्र प्रसिद्ध केले. ते पुढे ‘मॅजिक फॉर्म्युला’ या नावानेच ओळखले गेले आणि अनेक सिम्युलेटरमधील टायरच्या गणिताचा पाया तेच किंवा त्याच्या जवळचे सूत्र आहे.

ड्रिफ्ट करणाऱ्या गाडीचे मागचे टायर या शिखराच्या पलीकडच्या उतारावर असतात. पुढचे मात्र शिखराच्या आसपासच ठेवावे लागतात, कारण गाडीची दिशा तेवढ्यांच्याच हाती उरलेली असते. म्हणजे चारही चाकांची पकड घालवणे ही मुळातच चुकीची कल्पना आहे. पुढे भरपूर पकड आणि मागे मोजूनमापून सोडलेली पकड, असा हा हिशेब असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. टायरची पकड एका पगारासारखी असते. त्याच पगारातून घरभाडे भागवायचे आणि त्याच पगारातून किराणा. पुढे ढकलण्यासाठी पकड खर्च झाली की बाजूला धरून ठेवण्यासाठी कमी उरते. ड्रिफ्टमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाके जोरात फिरतात, बाजूची पकड घटते आणि घसरणीचा कोन वाढतो. पाय थोडा उचलला की बाजूची पकड परत येते आणि कोन कमी होतो. कसलेला खेळाडू स्टिअरिंगइतकीच गाडी पायाने वळवतो, ती यामुळेच. उताराची रेषा जितकी मंद, तितका पायाला वाव अधिक. शर्यतीचे चिकट टायर शिखरावर उत्तम, पण पलीकडे एकदम कोसळणारे. साधे टायर शिखरावर बेताचे, पण सुटतात हळूहळू. शिकणाऱ्याने साधे घ्यावेत.

‘ग्रान टुरिझ्मो’च्या पाचव्या भागापासून टायरचे कम्फर्ट, स्पोर्ट्स आणि रेसिंग असे वर्ग आहेत व प्रत्येकात टणक, मध्यम, मऊ असे प्रकार. दोनशे अश्वशक्तीच्या आतल्या गाडीला ‘कम्फर्ट’मधील टणक टायर पुरतात, कारण अधिक चिकट टायर फिरवून सोडण्याइतकी ताकदच इंजिनात नसते. चारशे-पाचशे अश्वशक्तीच्या गाडीला तेच टायर लावले, तर ती जागच्या जागी धूर काढत राहील, पुढे सरकणार नाही. तिला अधिक चिकट आणि रुंद टायर हवेत. फॉर्म्युला ड्रिफ्टमधील गाड्यांचे मागचे टायर रुंद आणि चांगलेच चिकट असतात, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. पण तिथे दोन गाड्या एकमेकींना खेटून वेगाने जात असतात आणि पकड नसेल तर वेग येणार कुठून?

हवेचा दाब हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित बदल. पंक्चरच्या दुकानात ‘किती भरू? तीस?’ एवढ्यावर तो विषय संपतो. खेळात मात्र एकेका पौंडाचा फरक कळतो. दाब कमी केला की टायर थोडा पसरतो, जमिनीला अधिक टेकतो आणि पकड काही मर्यादेपर्यंत वाढते. त्याबरोबर स्टिअरिंगचा प्रतिसाद मात्र मऊ होतो. फोर्झासारख्या खेळात पुढे २८ ते ३० पौंडांनी सुरुवात करावी. मागे प्रश्न ताकदीचा. ताकद जास्त असेल तर २२-२५ पर्यंत उतरून पकड मिळवावी. कमी असेल तर ३५ च्या वर नेऊन चाके लवकर सुटू द्यावीत. गुळगुळीत फिरणाऱ्या टायरचे तापमान झपाट्याने वाढते आणि तापमानाबरोबर दाबही. त्यामुळे पहिल्या फेरीतला अनुभव ग्राह्य धरू नये. दोन-तीन फेऱ्यांनंतर, टायर तापल्यावर गाडी जशी वागते तीच तिची खरी वागणूक.

चाकांचे कोन

‘व्हील अलाइनमेंट’ची पाटी शहरात गल्लोगल्ली दिसते. तिथे जे तीन कोन सरळ केले जातात, तेच ड्रिफ्टसाठी मुद्दाम ‘वाकडे’ करायचे असतात.

पहिला कॅम्बर. समोरून पाहताना चाकाचा माथा आत झुकलेला असेल तर कॅम्बर उणे. ड्रिफ्टच्या गाड्यांची पुढची चाके ठळकपणे आत झुकलेली दिसतात, ती केवळ दिखाव्यासाठी नव्हे. समजा, गाडी डाव्या वळणात घसरत आहे. तिचे वजन उजव्या बाजूला झुकले आहे, पण गाडी सावरण्यासाठी चाकेही उजवीकडेच वळवलेली आहेत. स्टिअरिंगचा कणा मागे झुकलेला असल्याने (हाच पुढे येणारा कॅस्टर) अशा स्थितीत उजव्या पुढच्या चाकाचा माथा बाहेरच्या बाजूला कलू लागतो. ज्या चाकावर सर्वाधिक भार, तेच चाक कडेवर उभे राहण्याची वेळ येते. आधीच उणे तीन ते उणे पाच अंश कॅम्बर दिलेला असेल, तर हे कलणे भरून निघते आणि टायर सपाट टेकतो. मागच्या चाकांना हा प्रश्न नाही, कारण ती वळत नाहीत. तिथे शून्य ते उणे एक अंश पुरे. मागेही पुढच्याइतकाच कॅम्बर देणारे खेळाडू दिसण्यासाठी पकड गमावतात.

दुसरा कोन कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा सरळ खाली न येता थोडा पुढे झुकलेला असतो. दोन्ही हात सोडून सायकल चालवताना पुढचे चाक स्वतःहून सरळ राहू पाहते, त्यात या कलाचाही वाटा असतो. मोटारीत कॅस्टर वाढवला की पुढची चाके गाडी ज्या दिशेला प्रत्यक्ष जात आहे त्या दिशेला आपोआप वळू लागतात. ड्रिफ्टमध्ये चाक उलटे वळवण्याचे निम्मे काम त्यामुळे गाडीच करते. खेळाडूने स्टिअरिंग हातातून सरकू द्यायचे आणि योग्य वेळी धरायचे. जिथे एक ते सात अंश अशी मुभा आहे तिथे सहा-सातवर ठेवायला हरकत नाही.

तिसरा कोन टो. चालताना काहींचे चवडे आत वळतात, काहींचे बाहेर, चाकांचेही तसेच. पुढची चाके किंचित बाहेर, अर्ध्या अंशाच्या आत, ठेवली की गाडी वळणाला चटकन तोंड देते. मागची चाके शून्यावर किंवा जराशी आत ठेवावीत. मागची चाके बाहेर वळवली तर गाडी सरळ रस्त्यावरही अस्वस्थ होते आणि एका घसरणीतून दुसरीत जाताना अनपेक्षित फिरते.

या कोनांइतकाच महत्त्वाचा आणखी एक आकडा म्हणजे पुढची चाके जास्तीत जास्त किती वळू शकतात. साध्या मोटारीत हा कोन मर्यादित असतो. घसरण त्यापलीकडे गेली की सावरायला जागाच उरत नाही. म्हणून काही खेळांत ड्रिफ्टचे वेगळे सस्पेन्शन मिळते व त्यासोबत चाकांचा कोन वाढतो. पैसे जमवून इंजिनाची ताकद वाढवण्याआधी ते घेणे शहाणपणाचे. प्रत्यक्षात बहुतेक जण नेमके उलटे करतात.

वजनाची वाटणी

सस्पेन्शनबाबत सर्वाधिक गैरसमज इथे आहेत. वळणात गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाते. एकूण किती वजन जाईल हे मुख्यतः गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच, चाकांमधील अंतर किती आणि वळणातला जोर किती यांवर ठरते. स्प्रिंग कडक केली म्हणून हे वजन कमी होत नाही. गाडी कमी झुकते, इतकेच. स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात ते एवढेच, की त्या वजनाचा किती हिस्सा पुढची जोडी उचलेल आणि किती मागची. जी जोडी कडक, तिच्या वाट्याला जास्त हिस्सा.

हा हिस्सा महत्त्वाचा का? टायरवरचा भार दुप्पट झाला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. दोन चाकांवर प्रत्येकी चारशे किलो भार असताना त्यांची मिळून जी पकड असते, ती एकावर सहाशे आणि दुसऱ्यावर दोनशे असताना राहत नाही. म्हणून ज्या जोडीत वजनाची उलथापालथ जास्त, ती जोडी आधी सुटते. मागची बाजू कडक केली की मागचे सुटते, पुढची कडक केली की पुढची चाके सरळ ढकलली जातात. रिकाम्या पिकअपचे कोडे इथे उलगडते.

मग मागची बाजू कडकच ठेवावी का? कमी ताकदीच्या गाडीत, हो, थोडी. एई८६ सारख्या गाडीत चाके इंजिनाच्या जोरावर सुटत नाहीत, ती वजन इकडून तिकडे फेकून सोडावी लागतात. तिथे मागचा अँटी-रोल बार वाढवणे उपयोगी पडते. पण ताकदवान गाडीत मागच्या स्प्रिंग पुढच्यापेक्षा मऊ ठेवाव्यात. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी मागे बसते, मागच्या टायरवर भार येतो आणि फिरणारी चाके धूर काढण्याबरोबर गाडीला पुढेही ढकलतात. सुरुवात करताना खेळात दिलेली वजनाची टक्केवारी पाहावी. पुढे ५४ टक्के वजन असेल तर पुढच्या-मागच्या स्प्रिंगही साधारण त्याच प्रमाणात ठेवून मग एकेक पाऊल बदलावे.

गाडीची उंची कमी करण्याकडे सर्वांचा ओढा असतो. गुरुत्वमध्य खाली आला की वजनाची उलथापालथ घटते, हे खरे. पण फार खाली आणली तर सस्पेन्शनला हलायला जागा उरत नाही, ते तळाला टेकते आणि टेकताच ती बाजू एकदम दगडासारखी कडक होते. वळणाच्या मधोमध, काहीही न करता गाडी फिरली, असे वाटते तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असते.

उंचीचा हाच आकडा खेळ आणि रस्ता यांना सर्वांत दूर नेतो. खेळातील बुटकी, रुंद गाडी कितीही आडवी केली तरी घसरते, उलटत नाही. गुरुत्वमध्याची उंची चाकांमधल्या अंतराच्या मानाने वाढली की घसरण्याआधी उलटण्याची वेळ येते. हौद्यात माणसे उभी असलेली पिकअप किंवा टपावर सामान चढवलेली जीप घाटातल्या वळणावर ओव्हरस्टिअरच्या टप्प्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. तिचे आतले चाक त्याआधीच उचलले जाऊ शकते. उलटे स्टिअरिंग वळवून ती सावरत नाही. सातपुड्यातील रस्त्यांवर हे पुस्तकी गणित राहत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांचे पिकअप वाहन याच नंदुरबार जिल्ह्यातील चांदशैली घाटात कोसळले आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. खेळातल्या हातखंड्यावर विसंबून सार्वजनिक रस्त्यावर गाडी घसरवून पाहणे कायद्यालाही मान्य नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानुसार राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दुसऱ्या वेळी ती एक वर्ष व दहा हजारांपर्यंत जाते. वाहनांच्या कसोट्यांसाठी वेगळी बंदिस्त जागा असते. खानदेशातून आग्रा मार्गाने वर गेल्यावर इंदूरजवळच्या पिथमपूर येथे ‘नॅट्रॅक्स’ हे केंद्र आहे, त्याच्या ११.३ किलोमीटरच्या वेगचाचणी मार्गाचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले.

शॉक ॲब्सॉर्बर आणि डिफरेन्शियल

स्प्रिंग वजन कुठे जाईल ते ठरवते, शॉक ॲब्सॉर्बर ते किती लवकर जाईल हे ठरवतो. त्याची दोन सेटिंग असतात : स्प्रिंग दबतानाचे ‘बम्प’ आणि परत फुलतानाचे ‘रिबाउंड’. बम्प हे रिबाउंडच्या साधारण निम्म्यापासून पाऊणपटीपर्यंत ठेवून सुरुवात करावी. डावीकडून उजवीकडे लागोपाठ घसरण बदलताना गाडी आळसटल्यासारखी वागत असेल तर दोन्ही थोडे वाढवावे. झटका देऊन फिरत असेल तर मागचे रिबाउंड आधी कमी करावे.

डिफरेन्शियल सस्पेन्शनचा भाग नसला तरी त्याच्याविना वरचे सारे व्यर्थ आहे. साधा डिफरेन्शियल आतले चाक हलके होताच सारी ताकद त्याच चाकातून वाया घालवतो. ड्रिफ्टसाठी तो पूर्ण ‘लॉक’ असावा, म्हणजे मागची दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि एकत्र सुटतात. प्रत्यक्षात हौशी मंडळी यासाठी डिफरेन्शियल चक्क वेल्ड करून टाकत; खेळात एक आकडा शंभरवर नेला की झाले.

तपासायचे कसे

इतर खेळाडूंनी तयार केलेली सेटिंग आता खेळातच आयती उतरवून घेता येतात. चांगल्या खेळाडूचे सेटिंग कसे असते हे पाहायला ती उपयोगी आहेत, पण ती त्याच्या हाताच्या आणि पायाच्या सवयीवर बेतलेली असतात. स्टिअरिंग-पेडल वापरणाऱ्याचे सेटिंग अंगठ्याने कांडी फिरवणाऱ्याला बहुधा फार चपळ वाटते. अशा वेळी पुढचा टो शून्यावर आणावा आणि पुढचा अँटी-रोल बार थोडा वाढवावा.

स्वतः जुळवणी करायची तर घाटाचा रस्ता नको, मोकळे पटांगण घ्यावे. एका खांबाभोवती दुसऱ्या गिअरमध्ये गोल ड्रिफ्ट करत राहावे. एकसारखा पाय ठेवून तीन-चार फेऱ्या पूर्ण होत असतील, तर पकडीची पुढची-मागची वाटणी जमली. त्यानंतर दोन खांबांभोवती इंग्रजी आठ काढावा, लायसन्सच्या चाचणीत दुचाकीवर काढतात तसाच. गोलात वजन एका जागी स्थिर असते, आठमध्ये ते सतत बाजू बदलते. त्यामुळे शॉक ॲब्सॉर्बरचे दोष तिथेच उघडे पडतात. एका वेळी एकच आकडा बदलावा आणि वहीत लिहून ठेवावा. हे कंटाळवाणे आहे, पण तीन आकडे एकदम बदलून गाडी सुधारली तर कशामुळे सुधारली हे कधीच कळत नाही.

लक्षणे तीनच असतात. स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ पुढे ढकलली जात असेल, तर पुढची पकड अपुरी आहे : पुढचा दाब दोन पौंड कमी करावा, पुढचा बार मऊ करावा, कॅम्बर तपासावा. घसरता घसरता गाडी मध्येच सरळ होत असेल, तर मागची पकड इंजिनाच्या ताकदीला भारी पडते आहे : मागचा दाब वाढवावा किंवा एक पायरी टणक टायर घ्यावा, कित्येकदा खालचा गिअर टाकूनच काम भागते. आणि गाडी फिरून उलटे तोंड करत असेल, तर बहुतेक खेळाडू घाबरून पुढची पकड कमी करतात. तसे करू नये. आधी मागच्या स्प्रिंग मऊ कराव्यात, मागचा टो किंचित आत घ्यावा, कॅस्टर वाढवावा; तरीही फिरत राहिली तर पुढच्या चाकांचा कमाल कोन अपुरा आहे असे समजावे.

जुळवलेले सेटिंग गाडीच्या आणि टायरच्या नावाने साठवून ठेवावे, आणि पावसातल्या फेऱ्यांसाठी त्याचीच वेगळी प्रत करावी. ओल्या रस्त्यावर त्याच टायरची पकड बरीच घटते. तिथे कोरड्या रस्त्यासाठी वाढवलेला मागचा दाब पुन्हा खाली आणावा लागतो आणि दोन्ही अँटी-रोल बार मऊ करावे लागतात.